ओझं उतरवणारी दोरी

“उतरली! सुई उतरली!” दाएंग तायू एवढ्या जोरात किंचाळली, की वाळत घातलेल्या माशांभोवती टपलेली मांजरं धूम पळाली.

सारं बोनेलांबे बेट धक्क्यावर लोटलं होतं. पुरुष लुंग्या सावरत बर्फाच्या पेट्यांवर चढले होते, बायका एकमेकींच्या खांद्यांवरून वाकत होत्या, आणि सगळ्यांचे डोळे एका तबकडीला चिकटले होते. मासे तोलायचा लोखंडी काटा तो. पण त्याच्या फळीवर आज मासा नव्हता, हस्नियार होती. आठवा महिना सरत आलेला, पाय खांबासारखे सुजलेले, चेहराही फुगलेला. डोक्यावरून खाली आलेली एक जाडजूड पांढरी दोरी तिने दोन्ही हातांनी गच्च धरली होती. दोरीचं दुसरं टोक सान्रो तुप्पूच्या खांद्यावरून जाऊन त्याच्या कमरेला गुंडाळलेलं होतं. आणि खुद्द सान्रो, म्हणजे झाडपाला, मंत्र आणि गोड बोलणं या तिन्हींवर जगणारा मांत्रिक, शेजारच्या घराच्या शिडीवर उंच, डोळे मिटून उभा होता.

“सोडू नकोस, पोरी! ओझं झोंबेल, रडेल, विनवण्या करेल, तू सोडू नकोस! खाली खेच! अजून खेच!” मग त्याने सूर लावला, “ये दोरीने, जा वाऱ्याने! डोळ्याचं डोळ्याला, जिभेचं जिभेला, उरलंसुरलं समुद्राच्या तळाला!”

सुई थरथरली आणि पंचाहत्तरवरून सरकत सरकत सत्तरवर येऊन थांबली.

“पाच किलो!” तायूने गालावर हात मारून घेतले. “पाच किलो नजर! कोणी लावली असेल गं एवढी?”

“एकटीचं काम नव्हे हे,” मागून कोणीतरी म्हणालं. “चौघीजणींनी मिळून लावली असणार.”

चौघीजणी कोण असतील याचा विचार करत बायकांनी एकमेकींकडे तिरक्या नजरेने बघून घेतलं. गर्दीच्या पुढे उभी असलेली दाएंग बाजी (वडीलधाऱ्यांना बेटावर मानाने दाएंगच म्हणत) मात्र कोणाकडे बघत नव्हती. ती ओढणीने डोळे पुसत होती. हस्नियार तिची सून. आणि काटाही तिचाच.

त्या काट्याबद्दल थोडं सांगायला हवं. बाजी कोळ्यांकडून मासे विकत घ्यायची आणि शहरात पाठवायची. अर्धं आयुष्य तिने त्या तबकडीसमोर उभं राहून काढलं होतं. सुरमईच्या पोटात शिशाच्या गोळ्या कोंबून आणणारे तिने पकडले, कल्ल्यांत बर्फ भरणारे पकडले, फळीवर हळूच अंगठा टेकवणारे तर ती बघितल्याशिवायच ओळखायची. दरवर्षी सरकारी माणूस येऊन काट्यावर शिक्का मारून जायचा, आणि बाजी त्याला दर वेळी सांगायची, “शिक्का तुमच्या समाधानासाठी मारा, भाऊ. काटा आधीपासूनच खरा आहे.” बाजीच्या काट्यावर उभा केला तर नवरासुद्धा खरं बोलेल, असं बेटावरच्या बायका म्हणत.

म्हणूनच सान्रोने तो मागितला. पैलतीरावरून आला तेव्हा त्याच्याकडे एक गाठोडं आणि ही दोरी, एवढंच होतं. यापूर्वीही बेटावर सान्रो येऊन गेले होते, पण ते पाण्यात फुंकर मारायचे आणि “बरं वाटेल” म्हणायचे. हा पठ्ठ्या आकडा दाखवायचा. म्हणायचा, प्रत्येक दुखण्याला वजन असतं. कंबरदुखीला तीन किलो, कर्जाच्या काळजीला दोन, नजरेचं माणसागणिक वेगळं. मी ते दोरीने काढतो. माझ्यावर विश्वास ठेवू नका, काट्यावर ठेवा.

काट्यावर तर सगळ्यांचाच होता.

नियमही होते त्याचे. दोरी हातात असतानाच सुई वाचायची, कारण वाचण्याआधी सोडली तर ओझं बिथरतं. सुई वाचून झाली की काट्यावर पांढरं कापड. आणि ज्याचं ओझं उतरलं त्याने पुढची ईद येईपर्यंत कुठल्याही काट्यावर पाय ठेवायचा नाही, समुद्र ओलांडायचा नाही. मोबदला म्हणाल तर काळी कोंबडी, तेवढाच काळा चिकट भात आणि जमल्यास एखादी नवी लुंगी. बेटाचं ओझं रोज कमी होत होतं आणि सान्रोचं पोट रोज वाढत होतं. पण ते कोणी तोललं नव्हतं.

त्याच दुपारी बिदानबाई वाहिदा बाजीच्या घरी आली. बिदान म्हणजे बेटावरची सरकारी सुईण. तिशीची, कडक इस्त्रीची आणि त्याहून कडक जिभेची.

“दाएंग, काय ऐकतेय मी? पाच किलो उतरले म्हणे?”

“माझ्या काट्यावर उतरले.” बाजीने ‘माझ्या’वर जोर दिला.

“परवा मी हिचा रक्तदाब मोजलाय. ही सूज साधी नाही, दाएंग. डोकं दुखतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, असं तीच सांगत होती. अशा बाईला झटके येतात. एकदा आले की बाळही हातचं जातं आणि आईही. शहरातल्या इस्पितळात न्यायला हवं, आजच.”

“समुद्र ओलांडायला मनाई आहे.”

“कोणाची? खात्याची?”

“सान्रोची. उतरवलेलं ओझं समुद्रात टाकलंय ना, ते बोटीला चिकटतं.”

“बरं, मग निदान माझ्या काट्यावर उभी करा तिला.”

“त्यालाही मनाई आहे. ओझ्याला काट्यावरून परत यायची वाट सापडते.”

“अहाहा! मोजायचंही नाही आणि दाखवायलाही न्यायचं नाही. चहूबाजूंनी कुंपण घातलंय की त्याने!”

आतून हस्नियारचा आवाज आला. “बिदानबाई, मला खरंच हलकं वाटतंय.” मग जरा थांबून, “अम्मा, खिडकी लावता का? उजेड टोचतोय.”

बाजीने खिडकी लावली. लावताना तिचा हात जरा रेंगाळला. मुलगा होडी घेऊन तळाशी सरपटणाऱ्या समुद्रकाकड्या काढायला दूरच्या खडकांकडे गेलेला, त्याला यायला अजून बराच अवकाश. जाताना बायकोला आईच्या हवाली करून गेला होता. काय करावं? बिदानबाईचं यंत्र एक सांगत होतं आणि स्वतःचा काटा दुसरं. स्वतःच्या काट्याला खोटं म्हणायचं म्हणजे स्वतःलाच खोटं म्हणायचं.

“उद्या पोरांच्या वजनाचा दिवस आहे,” वाहिदा उठत म्हणाली. “तुम्ही तरी या. तुमच्याशी भांडायला मला कारण लागत नाही, पण जागा बरी पडेल.”

बाजी गेली, पण भांडायला नव्हे. तायू सान्रोसाठी कोंबडी तळत बसली होती, म्हणून तिने आपला नातू आचो बाजीच्या कडेवर देऊन टाकला होता. “जरा तोलून आण गं. तुला तोलायची सवय आहे.”

खांबांवर बांधलेल्या एका घराखाली, सावलीत, तुळईला तबकडीचा काटा टांगला होता आणि त्याला कापडी झोळी. एकेक पोर झोळीत बसत होतं, भोकाड पसरत होतं, खाऊ घेऊन परत जात होतं. आचोची पाळी आली. बाजीने त्याला झोळीत ठेवलं, तेवढ्यात त्याने तिच्या ओढणीचं टोक मुठीत पकडलं आणि जीव खाऊन ओढलं.

“हा घटला कसा?” वाहिदा डोळे बारीक करून म्हणाली. “गेल्या महिन्यापेक्षा कमी? चांगला गुबगुबीत तर… अहो दाएंग! ओढणी! ओढणी धरलीय त्याने! दर महिन्याला घसा फोडून सांगते मी, पोराच्या हातात काही देऊ नका, वजन खोटं येतं. आई बोट देते, आजी ओढणी देते, परवा एकीने तर आपली वेणी दिली. सोडवा!”

बाजीने मूठ सोडवली. सुई चढली. आचो होता तेवढा गुबगुबीत झाला.

बाजी तबकडीकडे बघतच राहिली. मग तिने ओढणीचं टोक पुन्हा आचोच्या हातात दिलं. त्याने ओढलं. सुई उतरली. सोडवलं. सुई चढली. पुन्हा दिलं.

“खेळ मांडलाय का, दाएंग? मागे रांग आहे.”

“बिदानबाई,” बाजी म्हणाली. “माझ्या काट्यावर आजवर फक्त मासे चढले. मासा कधी काही धरत नाही हो.”

वाहिदाच्या हातातली पेन्सिल थांबली.

“या अल्ला,” ती म्हणाली. “दर महिन्याला मी हेच ओरडते. आणि मला सुचलं नाही!”

आचोला दोघींच्या चेहऱ्यांत गंमत वाटली असावी. तो खिदळला, आणि बेटावरचा सर्वात लहान संशोधक झोळी ओली करून मोकळा झाला.

“पण एक सांगा,” बाजीने त्याला पुसत विचारलं. ती शेवटी व्यापारीण. हिशेब लागल्याशिवाय तिला चैन पडेना. “वजन गेलं कुठे? असं हवेत थोडंच विरतं?”

“बोट धक्क्यापासून सोडताना काय करता तुम्ही?”

“बांबूने धक्क्याला रेटते.”

“मग धक्का मागे सरकतो का?”

“धक्का कशाला सरकतोय! बोट सरकते.”

“का सरकते? रेटलं तर तुम्ही धक्क्याला.”

बाजी विचारात पडली. हे ती रोज करत होती आणि कधी कोणी विचारलं नव्हतं. “म्हणजे… तोही मला रेटतो?”

“जेवढं तुम्ही त्याला, तेवढंच तो तुम्हाला. कमी नाही, जास्त नाही. दोरीचंही तेच. हस्नियार दोरीला खाली खेचते, तेवढ्याच जोराने दोरी तिला वर उचलते. म्हणून फळीवर भार कमी. तिलाच म्हणायचं ‘खेच, अजून खेच’, म्हणजे कामही तीच करणार! आणि दोरीचं दुसरं टोक कोणाला खाली ओढत असेल?”

“त्या ढेरपोट्याला!” बाजी उठलीच. “म्हणजे माझ्या सुनेचे पाच किलो त्याच्या खांद्यावर?”

“तेवढेच्या तेवढे. चला, सांगूया हस्नियारला.”

“सांगून नाही पटायचं. काल मीच तिला सांगितलंय की माझा काटा खोटं बोलत नाही. आता काट्यालाच बोलू दे. तुमचा तो बायकांचा काटा घ्या, बिदानबाई. आणि बोटवाल्या हामिदला बोट तयार ठेवायला सांगा.”

तासाभरात धक्का पुन्हा भरला. बाजीने एका उंच पेटीवर वाहिदाचा काटा मांडला होता, त्याशेजारी खाली आपला. हस्नियारला सावलीत खुर्ची दिली होती. तिने कपाळावर ओला फडका धरला होता.

“सान्रो,” बाजीने आवाजात एवढा मध घातला, की जुने कोळी सावध झाले. भाव पाडायच्या आधी ती असंच बोलायची. “आज माझंही ओझं काढा. जन्मभर भाव पाडून कोळ्यांच्या शिव्या खाल्ल्यात, किलोभर तरी निघेलच. आणि तुम्ही या वरच्या काट्यावर उभे राहा. आमच्यासाठी तुम्ही काय सोसता, ते बेटाला दिसू दे की!”

सान्रो क्षणभर घुटमळला. पण गर्दी “हो, हो!” म्हणाली, तायूने हात जोडले, आणि कौतुकाला नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती. तो पेटीवर चढला. वाहिदाने आकडा मोठ्याने वाचला. बाजी आपल्या फळीवर उभी राहिली, तिचाही वाचला. मग दोरी.

“ये दोरीने, जा वाऱ्याने…”

बाजीने खेचलं. तिची सुई सहा किलो खाली आली. आणि वरच्या काट्याची सुई सहा किलो चढली.

वाहिदा हसणार, एवढ्यात तायूने हंबरडा फोडला. “बघा! बघा रे! आपलं ओझं स्वतःच्या अंगावर घेतात! केवढा हा त्याग!”

“खरंच की!” गर्दी गहिवरली. एक म्हातारी सान्रोच्या पायांना हात लावायला पेटीवर चढू लागली. वाहिदाचं तोंड पडलं. सान्रोने सुटकेचा श्वास सोडला आणि डोळे मिटून घेतले.

“मी कधी बोललो नाही,” तो खोल आवाजात म्हणाला. “दाखवून का कोणी सोसतं?”

“केवढं मन!” बाजी म्हणाली. “मग ओझं आता तुमच्याकडे पोचलं. मी दोरी सोडते. राहू दे तिकडेच.”

आणि तिने सोडली. तिची सुई टुणकन चढली, त्याची धपकन उतरली. दोघं पुन्हा होते तेवढेच.

“घाई केलीस!” सान्रो ओरडला. “पूर्ण उतरायच्या आधी सोडलीस!”

“असं होय? मग धरते.” बाजीने पुन्हा धरली आणि धरूनच राहिली. शेजारणीकडून पाणी मागवून प्यायली, एका हाताने. एका कोळ्याला त्याच्या उधारीची आठवण करून दिली. तायूला आचोने केलेल्या पराक्रमाबद्दल सांगितलं. वर सान्रोचा खांदा एका बाजूला कलला, कपाळावर घाम आला. “उतरलं!” तो शेवटी कळवळून म्हणाला. “सगळं उतरलं!”

बाजीने सोडली. सुई पुन्हा जागच्या जागी.

“तुझा विश्वास नाही!” सान्रोने बोट रोखलं. “अविश्वासी माणसाचं ओझं परत येतं!”

गर्दीत कुजबुज झाली. हे काहींना पटलं. असलं वाक्य नेहमीच काहींना पटतं.

“खरं आहे, मी वाईटच,” बाजी फळीवरून उतरली. “मग ज्याला विश्वासही नाही आणि अविश्वासही नाही, असा कोणीतरी चढवूया.”

तिने हामिदच्या बोटीतून सकाळीच आलेला एक जाडा टूना फळीवर आपटला आणि दोरीचं टोक त्याच्या कल्ल्यातून ओवून पक्की गाठ मारली. “घ्या. ताठ उभे राहा, सान्रो. वाकू नका.”

“माशावर मंत्र चालत नाही!”

“मग सुई हलणार नाही. घाबरता कशाला?”

“उभे राहा ना, सान्रो!” तायू श्रद्धेने म्हणाली. त्या श्रद्धेनेच त्याचा घात केला. तो ताठ झाला, दोरी ताणली गेली, आणि टूनाचं चार किलो पाप सगळ्या बेटाच्या डोळ्यांदेखत उतरलं.

सगळ्यांनी माना वाकवून माशाकडे बघितलं.

“काय रे,” हामिद हळूच म्हणाला, “या माशाला कोणाची नजर लागली असेल?”

“तुझीच! सकाळपासून बघतोयस त्याच्याकडे!”

मग जो हशा उठला, तो थांबेना. “दाएंग, या माणसाला धंद्यात घेऊ नका हं,” एक कोळी पोट धरून ओरडला. “आमचे मासे हलके केले तर आम्ही खायचं काय?” पायाला हात लावायला चढलेली म्हातारी पेटीवरून उतरली आणि उतरता उतरता सान्रोची नवी लुंगी तिचीच आहे, हे तिने मोठ्याने सगळ्यांना सांगितलं.

वाहिदाने मग दोन वाक्यांत समजावलं. बांबू धक्क्याला रेटतो तेवढाच धक्का बोटीला रेटतो. हात दोरीला ओढतो तेवढीच दोरी हाताला ओढते. इथे काही उतरलं नाही, चढलं नाही. भार फक्त फळीवरून याच्या खांद्यावर टेकला होता, दोरी सोडेपर्यंत.

हशात कोणाचं लक्ष नसताना हस्नियार उठली. खुर्चीला धरून, मग खांबाला धरून, ती काट्यापाशी आली. बाजीने घाईने टूना बाजूला ढकलला.

“अम्मा, मला उभी करा. दोरीशिवाय.”

ती फळीवर उभी राहिली. हात मोकळे, दोन्ही बाजूंना सोडलेले. सुई हलली आणि थांबली.

शहात्तर. उतरले तर नव्हतेच, रातोरात एक चढला होता.

वाहिदाने आकडा वाकून पुन्हा वाचला.

“काजवे अजून दिसतात, अम्मा,” हस्नियार म्हणाली. “कालही दिसत होते. पण सुई उतरली होती ना… मला वाटलं, मग माझंच काहीतरी चुकत असेल.”

बाजीने तिला दोन्ही हातांनी धरून खाली उतरवलं. “तुझं नाही चुकलं गं. तुझ्या डोळ्यांचं ऐकायचं सोडून मी तबकडीचं ऐकलं. चल. वाहिदा, पोरी, तू बरोबर ये.” बिदानबाईला ती पहिल्यांदाच नावाने हाक मारत होती, आणि दोघींच्याही ते लक्षात आलं नाही.

हस्नियारला बोटीत गादीवर निजवलं. वाहिदा औषधाची पेटी घेऊन शेजारी बसली. हामिद इंजिनाची दोरी ओढणार, तेवढ्यात गाठोडं काखेत मारून सान्रो धक्क्यावर धावत आला. मागून तायूचे शब्द येत होते. ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

“मलाही घ्या! पैलतीरापर्यंतच!”

“छे, छे, सान्रो,” हामिदने हात जोडले. “समुद्र ओलांडायचा नसतो. ओझं बोटीला चिकटतं.”

बाजीने बांबू उचलला, धक्क्याच्या खांबाला टेकवला आणि सगळा जीव एकवटून रेटला. खांब जागचा हलला नाही. पण त्याने तिला रेटलं, आणि बोट सुटली.

झटके आले, पण ते इस्पितळाच्या खाटेवर आले, हाताशी औषध आणि डॉक्टर असताना. पोट कापून मुलगी काढली. एवढीशी, रागीट. काही आठवडे दोघी शहरातच राहिल्या आणि दोघी परत आल्या.

मुलीला पहिल्यांदा झोळीत तोललं त्या दिवशी बाजी सर्वात पुढे उभी होती, हात पाठीमागे बांधून. पोरीने नेमकी शेजारच्या तायूची बांगडी पकडली, तशी रांगेतल्या सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या, “हात सोडव!” वाहिदाला तोंडही उघडावं लागलं नाही. सान्रोची दोरी आता बाजीची बोट धक्क्याला बांधायच्या कामी येते; दोरी चांगली होती, तिचा काही दोष नव्हता.

तुमच्याकडेही येईल कोणी तरी. दोरी नसेल त्याच्याकडे, अंगारा असेल, यंत्र असेल, आकड्यांचा कागद असेल. तो म्हणेल, तुमचं ओझं मी उतरवलं. टाळ्या वाजवायच्या आधी एवढंच करा: हातात जे दिलंय ते सोडून बघा. आणि त्याचं दुसरं टोक कोणाच्या कमरेला बांधलंय, तेही एकदा मान वर करून बघा.